मदत हवी आहे: बाळाच्या फिट्स, टीएससी२ आणि एमटॉर

नमस्कार मंडळी, ऐरोलीला माझा भाऊ राहतो, त्याचं बाळ सात महिन्यांचं, झोपेतून उठलं की मान पुढे टाकून हात फेकायचं, एकामागोमाग, घरात सगळे म्हणे पोटात दुखत असेल. ईईजी, एमआरआय झालं आणि निघालं ट्युबरस स्क्लेरोसिस (टीएससी), म्हणजे मेंदू, किडनी वगैरे अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार. व्हिगाबॅट्रिन चालू आहे, झटके बरेच कमी झालेत.

आता जीन रिपोर्ट आलाय, टीएससी२. मी बीएस्सीवाली म्हणून सगळे कागद माझ्याकडे 😅 वाचून कळलं ते असं, या जीनपासून ट्युबेरिन प्रोटीन बनतं, ते हॅमार्टिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनशी जोडी करून एमटॉरला चालू करणाऱ्या आरहेबला बंद ठेवतं, म्हणजे पेशीला "वाढ" सांगणारा एमटॉर आटोक्यात राहतो. जोडी मोडली की एमटॉर मोकाट, मेंदूतल्या पेशी अवाढव्य होतात, भलत्याच जागी बसतात.

पण बिघाड जर प्रत्येक पेशीत आहे तर गाठी मोजक्याच ठिकाणी कशा? आणि एव्हरोलिमस हे औषध एमटॉरलाच दाबतं ना, मग ते आत्ताच का नाही देत? डॉक्टर "नंतर बघू" म्हणाले, ओपीडीत गर्दी एवढी की पुढे विचारताच आलं नाही. वहिनी सारखी विचारते माझ्याकडून आलं का, त्यात आमची आई तिलाच ऐकवते, मला अजिबात पटत नाही.

प्रतिसाद:
ताई, आधी आईंना सांगा, साधारण तीनातल्या दोन केसेसमध्ये हा बदल बाळातच नव्याने झालेला असतो. तरी दोघांची टेस्ट करा आणि पुढचं मूल हवं असेल तर जेनेटिक काउन्सेलरला भेटाच, टेस्ट निगेटिव्ह आली तरी थोडा धोका उरतो.

गाठींचं म्हणाल तर जीनच्या प्रती दोन, एक बिघडली तरी दुसरी भागवून नेते. गर्भात एखाद्या पेशीतली दुसरीही गेली की तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी बिघडतात. किडनीतल्या गाठींत हे स्पष्ट दिसतं, मेंदूत दर वेळी सापडतंच असं नाही.

एव्हरोलिमसला अमेरिकेत टीएससीतल्या फोकल (मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या) फिट्ससाठी २०१८ मध्ये मंजुरी मिळाली ती २ वर्षं आणि पुढच्यांना, तीही चालू औषधांच्या जोडीला. त्याने प्रतिकारशक्ती दबते, लसींचं गणित बिघडतं, आणि गर्भातच झालेले ट्युबर (मेंदूतल्या गाठी) काही जात नाहीत. या वयात व्हिगाबॅट्रिनच आधी, फक्त डोळ्यांची तपासणी चुकवू नका, बाजूचं दिसणं कमी होऊ शकतं. हार्टचा इको आणि किडनीची सोनोग्राफी झाली का?

धागाकर्ती:
इको झालाय, किडनीचं कुणी बोललंच नाही. सोमवारी फॉलोअप आहे, विचारते. आईला तुमचा प्रतिसाद आत्ताच वाचून दाखवला.