एन्क्रिप्टेड फाइल शेअरिंग की एन्क्रिप्टेड क्लाउड बॅकअप: वकिलाच्या कार्यालयाने काय घ्यावे?

म्हापसेकर_वकील

नमस्कार. गोव्यात म्हापशाला आमचे वकिलीचे छोटे कार्यालय आहे आणि काम मुख्यतः जमिनींचे व वारसांच्या इन्व्हेंटरी प्रकरणांचे (मृताच्या मालमत्तेच्या वाटणीचे) असते. पोर्तुगीज काळातील हस्तलिखित दस्त, एक-चौदाचे उतारे (जमिनीच्या नोंदी), मुखत्यारपत्रे, ओळखपत्रांच्या प्रती असे सुमारे 200 जीबी स्कॅन एका संगणकावर आणि त्यालाच कायम जोडून ठेवलेल्या एका हार्ड डिस्कवर आहेत. एकाच घराण्याचे वारस आता एका गावात नसतात. कोणी लिस्बनला, कोणी इंग्लंडमध्ये स्विंडनला, कोणी आखातात, आणि प्रत्येकाला कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असतात. आजवर हे सारे ईमेलने जात आले, ते आता बंद करायचे आहे.

माझ्या सहकाऱ्यांच्या मते ट्रेझोरिट किंवा प्रोटॉन ड्राइव्ह यांसारखी एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय फाइल वाचता येत नाही अशी) शेअरिंगची सेवा घेतली की फाइल पाठवण्याची सोय होते आणि फाइल तिथे साठलेल्याही राहतात, तेव्हा बॅकअपवर वेगळा खर्च कशाला? मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डिचोलीचा_तंत्रज्ञ

आपली शंका रास्त आहे. शेअरिंगच्या सेवा मुळात सिंकवर उभ्या असतात, म्हणजे आपल्या फोल्डरमध्ये जे घडते तेच थोड्या वेळात त्यांच्या सर्व्हरवर घडते. कारकुनाने चुकून एखाद्या प्रकरणाचे फोल्डर पुसले तर ते तिकडेही पुसले जाते, आणि रॅन्समवेअरने (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने) फाइल निकामी केल्या तर चांगल्या प्रतींच्या जागी त्या निकामी फाइलच जाऊन बसतात. कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्या बहुतेक सेवा देतात, पण त्यांना मुदत असते. आपल्या कामात एखादी फाइल वर्ष-वर्ष कोणी उघडत नाही, त्यामुळे ती गेल्याचे लक्षात येईपर्यंत ही मुदत उलटून गेलेली असण्याचीच शक्यता अधिक. बॅकअप ही ठरावीक काळाने घेतलेली, मागच्या तारखेला परत जाता येईल अशी प्रत असते, आणि रोजच्या कामातून तिला हात लागत नाही. संगणकाला कायम जोडलेली आपली हार्ड डिस्क या व्याख्येत बसत नाही, कारण रॅन्समवेअर तीही सोडत नाही आणि पावसाळ्यात विजेचा झटका आला तर दोन्ही एकदमच जातात.

क्लाउडवर ठेवले म्हणजे सुरक्षित, असेही धरून चालू नये. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्या ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांचे दोन्ही गेले. म्हणून एक प्रत कार्यालयात, एक क्लाउडवर आणि एक सुटी डिस्क घरच्या कपाटात, अशी व्यवस्था मी सुचवीन.

आता निवडीबद्दल. रेस्टिक हे मुक्त सॉफ्टवेअर फाइल आपल्याच संगणकावर एन्क्रिप्ट करून बॅकब्लेझ कंपनीच्या बी-टू सारख्या क्लाउड साठवणीत पाठवते. तिथे ऑब्जेक्ट लॉक लावता येतो, म्हणजे ठरवलेल्या मुदतीपर्यंत तो मजकूर कोणालाच, अगदी आपल्यालाही, पुसता येत नाही. बॅकब्लेझचीच तयार बॅकअप सेवा चालवायला सोपी आहे आणि तिच्यात स्वतःची खाजगी किल्लीही ठेवता येते. मात्र त्यांच्या संकेतस्थळावरून फाइल परत मागवताना ती किल्ली तिथे टाकावी लागते, म्हणजे तेवढ्या वेळापुरता विश्वास कंपनीवर ठेवावा लागतो. अशिलांच्या गोपनीयतेचा विचार करता मला हे खटकते.

पहिल्या अपलोडचा धीर ठेवा. 20 एमबीपीएसचा अपलोड वेग सलग मिळाला तरी 200 जीबीला 22 तास लागतात, आणि सलग वेग इथे कोणाला मिळतो हे आपण जाणताच. रेस्टिक मध्येच थांबले तरी पुन्हा चालवल्यावर आधी गेलेला मजकूर नव्याने पाठवत नाही.

मडगावची_आर्किटेक्ट

वरील उत्तराशी सहमत आहे, पण शेअरिंगचा भाग फारच थोडक्यात आटोपला असे वाटते. आमचे नकाशे परदेशातील मालकांना पाठवावे लागतात, म्हणून थोडे लिहिते.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेल्या (म्हणजे फाइल पाठवणाऱ्याकडेच कुलूपबंद होऊन घेणाऱ्याकडेच उघडते अशा) अनेक सेवांमध्ये फाइल उघडण्याची किल्ली लिंकमधल्या # या चिन्हानंतरच्या भागात असते. ब्राउझर तो भाग सर्व्हरकडे पाठवत नाही, त्यामुळे कंपनीला फाइल वाचता येत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की पूर्ण लिंक ज्याच्या हाती पडली त्याला फाइल उघडते. स्विंडनच्या पुतण्याने ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की एन्क्रिप्शनचा उपयोग संपला. म्हणून लिंकला मुदत घालावी, पासवर्ड लावावा आणि तो पासवर्ड लिंकसोबत न पाठवता फोनवर सांगावा. आमच्याकडे वयस्क मालकांना पासवर्ड सांगताना इंग्रजीतील लहान-मोठ्या अक्षरांचा फार घोळ होतो, म्हणून आता आम्ही फक्त अंकांचा, पण लांबलचक पासवर्ड ठेवतो.

आणखी एक गोष्ट: शेअरिंगच्या सेवा टिकतीलच असे नाही. मोझिलाची फायरफॉक्स सेंड ही फाइल पाठवण्याची सेवा 2019 मध्ये सुरू झाली, लोक तिच्यावरून मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पसरवू लागले आणि 2020 मध्ये ती बंद झाली. पाठवण्यापुरती सेवा बंद पडली तर दुसरी घेता येते; मूळ प्रती तिच्यातच असतील तर मात्र पंचाईत होते.

फोंडेकर

दोन्हींवर खर्च करण्यापूर्वी क्रिप्टोमेटरचा विचार करावा. ते मोफत व मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि आपल्याकडे आधीच असलेल्या गूगल ड्राइव्हमध्ये ते एक कुलूपबंद कप्पा तयार करते. गूगलला फाइलची नावेसुद्धा दिसत नाहीत.

डिचोलीचा_तंत्रज्ञ

@फोंडेकर, साधन चांगले आहे, परंतु इथे ते अपुरे पडते. एका वारसाला एकच दस्त दाखवायचा तर कप्प्याचा पासवर्ड द्यावा लागेल, म्हणजे सगळेच कागद त्याच्यापुढे उघडे होतील. शिवाय खाली गूगल ड्राइव्हचे सिंकच चालू राहते, त्यामुळे पुसले जाण्याचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

म्हापसेकर_वकील

सर्वांचा आभारी आहे. सहकाऱ्यांशी बोललो. रेस्टिकने सर्व स्कॅनचा बॅकअप घ्यायचा आणि चालू प्रकरणांपुरती शेअरिंगची छोटी योजना घ्यायची, असे ठरत आहे. एकच प्रश्न उरतो: किल्ली कोणाकडे ठेवावी? आम्ही दोघे भागीदार आहोत आणि कारकून बदलत असतात.

डिचोलीचा_तंत्रज्ञ

सेवा कोणती घेता याहून या प्रश्नाला मी अधिक महत्त्व देईन, कारण रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो मजकूर कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही. एकाच साठ्याला एकापेक्षा जास्त पासवर्ड लावता येतात, तेव्हा दोघा भागीदारांचे दोन वेगळे ठेवा आणि तिसरा कागदावर लिहून, बंद पाकिटात, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. कारकुनाला पासवर्ड देऊ नये; बॅकअप ठरल्या वेळी आपोआप चालेल अशी मांडणी करावी आणि ती करताना पासवर्डची फाइल कारकुनाच्या लॉगिनला उघडणार नाही हे पाहावे. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या जुन्या प्रकरणाचे फोल्डर दुसऱ्याच संगणकावर उतरवून, त्यातला एखादा पोर्तुगीज दस्त उघडून, शेवटच्या पानापर्यंत वाचता येतो का तेही तपासत जा.