गावचा ब्रास बँड उभा करायचाय: वर्षाचं गणित कसं बसवावं?

वाड्यावरचा

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर १४ जणांचा ब्रास बँड सुरू करायचं ठरलंय. हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांतली मुलं आहेत. फेस्ताची (चर्चच्या उत्सवाची) मिरवणूक, चवथीचं विसर्जन, लग्नं, अंत्ययात्रा, सगळंच वाजवायचंय. चौघांना सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) येतो, बाकीचे अगदी नवखे. वाद्यं कोणती घ्यावीत? सराव कधी सुरू करावा? आणि पावसाळ्यात ती टिकवायची कशी?

बेसड्रम

बँडचं वर्ष जानेवारीत नाही, जूनमध्ये सुरू होतं असं धरा. पावसाळ्यात कामं थोडी, म्हणून खरा बँड त्याच तीन महिन्यांत घडतो. सांजांव (२४ जून) आणि सांगोड (२९ जून) हे पावसाळी उत्सव मोहात पाडतील, पण भर पावसात उघड्यावर वाजवायचं नवख्यांनी पहिल्या वर्षी टाळावं.

ऑगस्टमध्ये भाताच्या नव्या कणसांची फेस्तं येतात: रायला ५ तारखेला, ताळगावला २१ला. चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा, म्हणजे निशाणांचा उत्सव. मग चवथ. इथपर्यंत तुमच्याकडे आठ-दहा चाली पाठ हव्यात. खरी कसोटी नोव्हेंबरअखेर लागते. जुन्या गोव्याच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या नोवेना (आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना), लगेच ८ डिसेंबरचं फेस्त, आणि ते तर पणजी व मडगाव दोन्हीकडे एकाच दिवशी. बहुतेक बँड इथेच फसतात. दोन कामं घेतात, वादक वाटून देतात आणि दोन्हीकडे अर्धाच बँड उभा राहतो. १४ जणांत बँड दोन होत नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

६ जानेवारीला रेइस (तीन राजांचं फेस्त), मग कार्निव्हल. त्यानंतर ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपासकाळ. चर्चमधली लग्नं जवळजवळ थांबतात. हा काळ नव्या चाली बसवायला वापरा. शिगमोही (होळीच्या दिवसांतला उत्सव) याच सुमारास असतो, पण तिथे ढोल-ताशाचाच मान. ईस्टर ते मे हा लग्नांचा हंगाम. म्हापशाचं मिलाग्रीसचं फेस्तही त्यातच, ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी.

आणखी एक. प्रत्येक मुख्य भाग दोघांना यायलाच हवा. पहिला ट्रंपेटवाला बोटीवर नाहीतर आखातात नोकरीला गेला की गोव्यातला बँड मुका होतो.

क्लॅरिनेट_ताई

१४ जणांची विभागणी अशी करा: ३ ट्रंपेट, ३ क्लॅरिनेट, २ आल्टो सॅक्सोफोन, १ ट्रॉम्बोन, १ युफोनियम, १ ट्युबा, आणि बेस ड्रम, साइड ड्रम, झांजा मिळून ३. ट्रंपेट वाढवण्याचा हट्ट नको. ट्रंपेटचे ओठ लवकर थकतात, म्हणून मिरवणुकीत चाल एकदा ट्रंपेटने, पुढच्या वेळी क्लॅरिनेट-सॅक्सने घ्यावी. सगळ्यांनी सगळं वाजवलं तर तासाभरात वरचे स्वर फाटायला लागतात.

क्लॅरिनेट लाकडी घेऊ नका. एसी खोलीतून दमट हवेत आणि परत असा प्रवास झाला की लाकूड तडकतं. प्लॅस्टिकचं घ्या. रीड (माउथपीसला बांधायची पातळ पट्टी) नवख्यांना दोन किंवा अडीच नंबरची. प्रत्येकाने तीन रीड आळीपाळीने वापराव्यात आणि वाळवूनच डबीत ठेवाव्यात. पावसाळ्यात ओल्या रीडला चटकन बुरशी धरते. पुसायचं ओलं फडकं पेटीत ठेवू नका, सॅक्स-क्लॅरिनेटची पॅडं (भोकं झाकणाऱ्या गाद्या) त्याने फुगतात आणि हवा गळते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. पावसाळ्यात ती दर आठवड्याला तपासा, दाण्यांचा रंग बदलला की तापवून कोरडी करा.

ट्रंपेटला महिन्यातून एकदा अंघोळ हवी: कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, आत फिरवायचा लवचीक ब्रश. कढत पाण्याने लॅकर (वरचा चकचकीत थर) उडतं. पिस्टनांवर (बोटांनी दाबायच्या दट्ट्यांवर) १, २, ३ असे आकडे असतात, त्याच क्रमाने परत बसवा. अदलाबदल झाली की फुंकर आत जातच नाही आणि नवखा समजतो वाद्य बिघडलं. पिस्टनला व्हॉल्व्ह ऑइल, नळ्यांना ग्रीस. खोबरेल कशालाच लावू नका. माउथपीस अडकला तर पक्कड लावायची नाही, नळी पिळवटते. त्यासाठी पुलर मिळतो, बँडकडे एक असलाच पाहिजे.

काळी_पाच

चवथीच्या आरतीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. आरती म्हणणारे हार्मोनियमची पट्टी धरतात. त्यांना काळी पाच किंवा काळी दोन धरायची विनंती करा. काळी पाचला ट्रंपेट आणि क्लॅरिनेटचा सा त्यांच्या लिखित सीवर (त्यांच्या कागदावरच्या सी स्वरावर) येतो, आल्टोचा जीवर. काळी दोनला ट्रंपेटचा एफवर, आल्टोचा सीवर. सगळं सोपं. पांढरी तीन धरली तर ट्रंपेटला सहा शार्प (चढवलेले स्वर) येतात, नवख्याची बोटं तिथेच अडकतात.

सूर जुळवण्याआधी पाच मिनिटं वाजवून वाद्य गरम करा. ऊन वाढलं की पितळी वाद्यांचा सूर चढतो, आणि हार्मोनियम त्यांच्यासोबत चढत नाही. म्हणून मिरवणूक उन्हात निघाली की मध्ये एकदा सूर जुळवायची नळी थोडी बाहेर ओढून सूर परत जुळवावा.

वेळेचंही पाहा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू असतात, आणि २०१०च्या दुरुस्तीपासून ते फक्त लाउडस्पीकरला नाही, उघड्यावरच्या वाद्यांनाही आहेत. फेस्ताच्या पहाटेच्या आल्वोरादीला (पहाटेच्या वादनाला) हो म्हणण्यापूर्वी फेस्ताच्या समितीने परवानगीचं काय केलंय ते विचारा.

वाड्यावरचा

मनापासून आभार. मेरठच्या बनावटीच्या जुन्या ट्रंपेट स्वस्तात मिळताहेत. घ्याव्यात का?

क्लॅरिनेट_ताई

आधी तपासा. पिस्टन न दाबता दुसऱ्या पिस्टनची नळी बाहेर ओढा, तीन-चार सेकंद थांबा, मग तोच पिस्टन दाबा. ‘फट्’ असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. आवाज आला नाही तर तिथून हवा गळतेय, सोडून द्या. माउथपीसच्या लगतच्या नळीवर लालसर ठिपके दिसले तरी सोडून द्या. पितळेतलं जस्त निघून गेलेलं असतं, नळी आतून कुजते आणि पॉलिश करून ते थांबत नाही.

बेसड्रम

ड्रम मात्र जुना चालेल. त्याचं कातडं काढून सिंथेटिक चढवा, कातडं पावसाळ्यात सैल पडतं.