एच-1बीच्या उरलेल्या वीस महिन्यांसाठी अमेरिकेत परतावे का?

धागाकर्ता : ऑक्टोबर 2018 ते मे 2023 मी एच-1बी व्हिसावर (विशेष कौशल्याच्या नोकरीसाठी अमेरिका देते तो तात्पुरता व्हिसा) कॅलिफोर्नियात नोकरी केली. वडिलांना पक्षाघात झाल्यामुळे पुण्याला परतलो आणि गेल्या वर्षी ते गेले. आता जुनी कंपनी पुन्हा बोलावत आहे. एच-1बीची कमाल मुदत सहा वर्षांची असली, तरी तीत अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेले दिवसच धरले जातात. त्यामुळे उरलेले सोळा महिने आणि मधल्या सुट्ट्यांत भारतात काढलेले 118 दिवस मिळून सुमारे वीस महिने माझे शिल्लक आहेत. (हे दिवस सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के आणि आय-94 च्या (अमेरिकेतील आगमन-निर्गमनाच्या) नोंदी जपून ठेवाव्यात.) वार्षिक कोट्यात माझी गणना एकदा झालेली असल्याने या मुदतीसाठी पुन्हा लॉटरी (जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यावर काढली जाणारी सोडत) नाही. आईवडिलांच्या आजारपणासाठी परतलेल्या माणसाला ही वाट खुली असणे न्याय्य आहे आणि तिचा उपयोग करावा, असे माझे ठाम मत आहे.

कोथरूडकर : मी असहमत आहे. वीस महिन्यांसाठी मुलांची शाळा सोडवून, बिऱ्हाड मोडून जाणे शहाणपणाचे नाही. अमेरिकेबाहेर सलग एक वर्ष काढलेल्याला नवी सहा वर्षे मागता येतात. त्यासाठी लॉटरीत उतरावे लागेल, जिच्यात वर्षाला 65,000 आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी 20,000 जागा असतात. नंबर लागला नाही, तर येथील नोकरी आहेच. शिवाय ग्रीन कार्डाची पहिली पायरी असलेला पर्मचा (कामगार खात्याच्या प्रमाणपत्राचा) अर्ज मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी दाखल झाला नाही, तर त्याच्या आधारे सहा वर्षांपलीकडची वाढ सहसा वेळेत पदरात पडत नाही. तुमच्या वीस महिन्यांत पर्मआधी कराव्या लागणाऱ्या जाहिराती आणि वेतननिश्चिती यांतच निम्मा वेळ जाईल.

सनीव्हेलकर : कोथरूडकर, हा हिशेब पर्म अमेरिकेत गेल्यावरच सुरू होतो असे गृहीत धरतो, आणि ते खरे नाही. ग्रीन कार्डाची प्रक्रिया भविष्यातील नोकरीसाठी असते, म्हणून उमेदवार पुण्यात असतानाही कंपनी पर्म आणि त्यानंतर आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा पुढचा अर्ज) दाखल करू शकते. आय-140 मंजूर झाले आणि भारतात जन्मलेल्यांच्या रांगेत प्रायॉरिटी डेट (रांगेतला क्रमांक ठरवणारी तारीख) आलेली नसली, तर सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांची वाढ मिळते. ती रांग ईबी-2 आणि ईबी-3 या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या वर्गांत दशकाहून अधिक लांब आहे हे खरे, परंतु येथे तिची लांबीच उपयोगी पडते. मंजूर आय-140 असल्यास जोडीदाराला एच-4 वर (एच-1बीधारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा) कामाचा परवानाही मागता येतो. अनेक घरांचे गणित त्यावरच उभे असते.

ठाणेकर : सर्वांत मोठा आकडा कोणीच धरलेला नाही. 19 सप्टेंबर 2025 च्या अध्यक्षीय घोषणेनुसार, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-1बी व्हिसा हाती नसलेल्या व्यक्तीसाठी नवी याचिका दाखल करताना कंपनीला 1,00,000 डॉलर भरावे लागतात. लॉटरीतून सूट असली, तरी या शुल्कातून सूट मिळत नाही. आणि न्यायाचे म्हणाल, तर हा परवानाच तात्पुरता आहे. आपण परतलो तेव्हा आपली जागा राखून ठेवण्याचे वचन कोणी दिले नव्हते.

धागाकर्ता : माझ्या व्हिसाची मुदत 2024 मध्येच संपल्याने शुल्काचा मुद्दा मला लागू पडतो आणि तो मी मान्य करतो. वचनाचा मुद्दा मात्र मान्य नाही. आधीच्या कोट्यात गणना झालेल्याला पुन्हा मोजू नये, हे अमेरिकेच्या कायद्यातच लिहिलेले आहे, आणि एकदा मोजलेल्या माणसावर नवख्याइतकेच शुल्क लादणे त्या तरतुदीला पोकळ करते. सनीव्हेलकरांच्या सूचनेप्रमाणे पर्म येथूनच सुरू करण्याविषयी आणि शुल्काविषयी कंपनीकडून लेखी उत्तर मागवले आहे. ते येईपर्यंत मुलीचा शाळाप्रवेश रद्द करणार नाही; कोथरूडकरांचे तेवढे म्हणणे मला पटले आहे.