१२० हर्ट्झ आणि पिक्चर
लोक म्हणतात की १२० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारी) फोनची स्क्रीन घेतली की पिक्चरपण स्मूद दिसतात, तसं नाही हो. पिक्चर सहसा शूटच होतो सेकंदाला २४ फ्रेमने (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र), फोन त्यात खऱ्या नवीन फ्रेम कुठून आणणार? फायदा आहे पण वेगळा, १२० ला २४ ने बरोब्बर भाग जातो म्हणजे प्रत्येक फ्रेम ५ वेळा दिसते, ६० वर मात्र एक २ वेळा नि पुढची ३ वेळा, म्हणून कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा बारीक धक्के जाणवतात. सबटायटल वाचत असाल तर कळणारपण नाही म्हणा.

गेमचं वेगळं, तिथे फ्रेम फोन स्वतः बनवतो, म्हणून तापतो. मी ठाणे-वाशी लोकलमध्ये बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, गोळीबाराचा गेम) खेळतो (सीट मिळाली तर!), मे महिन्यात ऐरोलीपर्यंत मस्त, घणसोली येईतो मागची बाजू तवा, मग प्रोसेसर आपणहून स्पीड कमी करतो, ब्राइटनेस उतरतो आणि नेमका समोर एनिमी आला की गेम अडकतो. कव्हर काढून आणि ६० वर लॉक करून बघा, माझं तरी कोपरखैरणेपर्यंत निभावतं.