तान्ह्या पोळ्याची जीप : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-३०२ काका: नमस्कार मंडळी. पार्किंगमध्ये पोट्टे मोबाइलवर सांगलीकडच्या त्या छोट्या जीपचा व्हिडिओ पाहून राहिले होते. तेव्हापासून माझ्या मागे लागले आहेत की आपणही एक बनवू. मला हे मनापासून करायचं आहे. पोरांच्या तान्ह्या पोळ्याला अजून अडीच महिने आहेत, शनिवार-रविवार काम केलं तरी होईल. पंधरा हजारांत बसवू. सोसायटीच्या फंडातला पैसा नको, ज्यांना हौस आहे त्यांची वर्गणी. मतं सांगा.

बी-१०१ भाऊ: काका एक नंबर! माझे दोन हजार धरा. इंजिन लूना मोपेडचं टाकू, मामाकडे वाडीला पडून आहे.

ए-१०४ ताई: काका, तुम्ही आयटीआयमध्ये इतकी वर्षं पोरं घडवली, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. पण चालवणार कोण? माझा धाकटा सात वर्षांचा. गेटसमोर दिवसभर डिलिव्हरीवाल्यांची ये-जा असते. ब्रेक लागला नाही तर?

ए-५०३: कोणता व्हिडिओ?

बी-४०१: सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. भंगारातून छोटी चारचाकी बनवली, साठ हजारांच्या आसपास खर्च, किक मारून सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांच्याबद्दल ट्विट केलं आणि त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीसुद्धा.

डी-२०३ ताई (वकील): त्याच ट्विटमध्ये हेही होतं की गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या स्थानिक अधिकारी ती थांबवतील. काका, कायद्याचं मी रात्री सविस्तर लिहिते. तोवर कोणी फुटाळा तलावापर्यंत फेरी मारायचे बेत करू नका.

सी-३०२ काका: ताईंचा प्रश्न आधी घेतो, कारण ब्रेकचं उत्तर नसेल तर बाकी सगळं फुकट आहे.

बहुतेक लोक अशी गाडी बॉनेटपासून सुरू करतात. आधी जीपसारखं तोंड, मग हेडलाइट, मग उरलेल्या पैशात ब्रेक. मी चाकापासून सुरू करणार. जुन्या बजाज चेतकचं पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, मोटरसायकलसारखा दोन्हीकडून फोर्क नसतो. म्हणजे चार पुढचे हब (चाकाचा मधला भाग) आणले की चार कोपऱ्यांना चार चाकं सरळ बसतात, आणि प्रत्येक हबमध्ये केबलवर चालणारा ड्रम ब्रेक आयताच मिळतो. मागच्या दोन चाकांना पायाचा ब्रेक, पुढच्या दोन्हींना हाताचा. एक केबल तुटली तरी दुसरी जोडी शिल्लक राहते. चारही हब उघडायचे, लायनर आणि केबल नवीन टाकायच्या, बेअरिंगचा आवाज आला तर तेही बदलायचं.

आता माप. चेतकचा टायर ३.५०-१०, म्हणजे रिम १० इंच आणि वर-खाली साडेतीन-साडेतीन, एकूण उंची साधारण १७ इंच. मूळ विलीज जीपचा टायर ६.००-१६, त्याच हिशोबाने २८ इंच. १७ भागिले २८ म्हणजे ०.६. गाडीचं प्रमाण हे चाकच ठरवून देतं! विलीजचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंच, आपला ४८. रुंदी ६२, आपली ३७. बारा वर्षांचं पोरगं आरामात बसेल, आणि या मापाची गाडी डोळ्यांना खेळणं न वाटता खरी जीप वाटते.

बी-१०१ भाऊ: हा हिशोब भारी आहे जी. पण लूनाचं इंजिन काहून नको?

सी-३०२ काका: भाऊ, तीन कारणं. तापलेला सायलेन्सर मुलांच्या पायाजवळ येतो. पेट्रोलची टाकी येते. आणि लूनाला रिव्हर्स नाही. आपल्या दोन विंगांमधल्या रस्त्यावर गाडी वळवायची तर मागे घ्यावीच लागेल. ब्रशवाल्या डीसी मोटरच्या दोन वायरी उलट केल्या की ती उलटी फिरते, एका स्विचचं काम. इलेक्ट्रिक सायकलला लावतात ती २४ व्होल्ट २५० वॉटची गिअरवाली मोटर घेऊ.

बी-४०१: काका, मी वेग काढला. त्या मोटरचा शाफ्ट मिनिटाला साधारण ३०० फेरे फिरतो, त्यावर ९ दात. चाकावर १८ दातांचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चक्र) लावलं तर चाक १५० फेरे. १७ इंची चाकाचा घेर १.३५ मीटर, म्हणजे ताशी १२ किलोमीटर. आणि सायकलचं फ्रीव्हील लावायचं नाही, फिक्स स्प्रॉकेट लागेल. फ्रीव्हील असलं तर मोटर उलटी फिरेल पण चाक जागचं हलणार नाही.

सी-३०२ काका: शाबास बेटा! फ्रीव्हीलची गोष्ट बरोबर पकडली. मोटर एकाच मागच्या चाकाला द्यायची, दुसरं मोकळं. दोन्ही चाकं एका दांड्याला बांधली तर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते घासत जातं. मोठ्या गाडीत त्यासाठी डिफरन्शियल असतो, आपल्याला त्याची गरजच नाही.

ए-५०१ आजोबा: मी वाचतो आहे. माझी हरकत जीपला नाही, पोळ्याला आहे. कोणीतरी म्हणालं की सोसायटीचा लाकडी बैल जीपला बांधून नेणार. तान्हा पोळा हा पोरांनी आपल्या हाताने बैल ओढायचा सण आहे. रघुजीराजे भोसल्यांनी तो लहान मुलांसाठीच सुरू केला असं आम्ही ऐकत आलो. आदल्या दिवशी शेतकरी खऱ्या बैलांना पुजतो, दुसऱ्या दिवशी ती मुलांची पाळी असते. दोरी पोरांच्या हातातून काढून मोटारीला बांधली तर त्यांच्याकडे उरतं काय?

सी-३०२ काका: आजोबा, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. बैल पोरंच ओढतील. जीप सगळ्यात मागे राहील, घरोघरी पोरांना मिळालेला बोजारा, म्हणजे खाऊ आणि भेटी, त्यात ठेवायचा. दरवर्षी चौथ्या मजल्यापर्यंत पिशव्या फाटलेल्या असतात.

ए-५०१ आजोबा: मग माझे पाचशे घ्या. आणि जीपला तोरण मी बांधणार.

डी-२०३ ताई (वकील): आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९ : नोंदणीशिवाय मोटार वाहन चालवता येत नाही. कलम २(२८) मधल्या व्याख्येतून बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच बनवलेलं खास प्रकारचं वाहन वगळलेलं आहे. आपली जीप तेवढीच आणि तिथेच राहिली पाहिजे. काही जण सांगतील की २५० वॉटच्या आत आणि २५ च्या वेगाखाली असलं की सगळं माफ. ती सवलत तपासणी संस्थेने प्रमाणित केलेल्या वाहनांना आहे, घरी बनवलेल्याला आपोआप मिळत नाही. आणि अल्पवयीन मुलाने रस्त्यावर मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९ए खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. तेव्हा गेटबाहेर एक फूटही नाही.

दुसरं. चाकांसाठी पार्किंगमधल्या धूळ खात पडलेल्या स्कूटरकडे कोणी पाहू नये. ज्या गाडीची आरसी जिवंत आहे ती आपल्या हाताने कापायची नाही. वाहन कायमचं निकामी झालं तर कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. हब सुटे विकत घ्या आणि पावती ठेवा.

सचिव (बी-२०२): ताईंनी लिहिलेलं मी मिनिट्समध्ये घेतो. माझा प्रश्न : वेल्डिंग सोसायटीच्या मीटरवर करणार का?

सी-३०२ काका: नाही जी. वेल्डिंग फॅब्रिकेटरकडेच. पाइप इतवारीच्या लोहा ओळीतून किलोवर घेऊ, एक इंची चौकोनी, दोन एमएम जाडीचा काळा एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप. सहा मीटरचा एक नग साडेआठ किलोच्या आसपास भरतो, तीन नग पुरतील. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही. वेल्डिंग करताना त्याच्या जस्ताचा धूर छातीत जातो.

आधी पोरं पुठ्ठ्याची अख्खी जीप बनवतील, खऱ्या मापाची. फ्रिज-वॉशिंग मशीनचे खोके ज्यांच्याकडे असतील त्यांनी ठेवा. त्यात बसून पाय ब्रेकपर्यंत पोचतो का, गुडघा स्टिअरिंगला लागतो का, हे पाहायचं. पुठ्ठा कापायला पैसे लागत नाहीत. ते पक्कं झालं की फ्रेमला नुसते टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारायचे, मग दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. कर्ण सारखे आले तरच फ्रेम काटकोनात आहे, तेव्हाच पूर्ण वेल्डिंग. हे मोजमाप मी पोरांकडून करून घेणार.

ए-१०४ ताई: पुठ्ठ्याची जीप ही कल्पना फार आवडली. माझी मोठी नक्की येईल. आणि स्टिअरिंग?

सी-३०२ काका: ताई, माझा सगळ्यात जास्त जीव तिथेच आहे. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. म्हणून आतलं चाक जास्त वळायला हवं. ही रचना म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने १८१७ च्या सुमारास काढली, पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमानच्या नावावर इंग्लंडमध्ये झालं, म्हणून तिला आकरमान म्हणतात. करायला सोपी आहे. पुढच्या दोन चाकांच्या स्टिअरिंग आर्मला (चाक वळवणारी दांडी) किंगपिनपासून (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) अशी तिरपी दिशा द्यायची की दोन्हींच्या रेषा मागे वाढवल्या तर मागच्या एक्सलच्या मध्यावर मिळाव्यात. पार्किंगच्या फरशीवर दोरा ताणून खडूने हे आखता येतं. आखणी चुकली तर गाडी चालेल, पण प्रत्येक वळणावर टायर घासेल आणि स्टिअरिंग जड लागेल.

दोन्ही आर्म जोडणाऱ्या टाय रॉडला बॉल जॉइंट नवीन. स्टिअरिंगच्या प्रत्येक बोल्टला नायलॉक नट किंवा स्प्लिट पिन. साधा नट थरथरीने सुटतो, आणि सुटला की स्टिअरिंग हातात फिरतं पण चाक फिरत नाही.

बी-१०१ भाऊ: बॉडीचा पत्रा?

सी-३०२ काका: आपल्या गच्चीवर पाहा भाऊ! पाच कूलर सडून राहिले आहेत. खालचं टबाचं काम गेलं असलं तरी बाजूचा पत्रा शाबूत असतो. बॉनेट, दारं, मडगार्ड सगळं त्यातून निघतं. तो जीआय असतो, म्हणून वेल्ड नाही, पॉप रिव्हेट मारायचे. कडा दुमडून आत घ्यायच्या, नाहीतर हात कापतील. ज्यांचे कूलर आहेत त्यांनी होकार कळवा.

ए-५०३: माझे दोन घेऊन जा. बायको तीन उन्हाळ्यांपासून म्हणून राहिली आहे.

सचिव (बी-२०२): खर्चाचा अंदाज?

सी-३०२ काका: मोटर, कंट्रोलर, थ्रॉटल मिळून साडेचार हजार धरले. पाइप आणि प्लेटा अडीच. हब-चाकं अडीच. बॅटऱ्या १२ व्होल्ट २६ एएच (अँपिअर-अवर) च्या दोन, पाच हजार. इथेच चौदा-साडेचौदा होतात. वेल्डिंग, केबल, रंग धरले तर पंधराच्या वर जातील. मी तरी बॅटरीत काटकसर करणार नाही. जुन्या ई-रिक्षाच्या काढलेल्या बॅटऱ्या स्वस्त मिळतात, पण त्यात दम उरलेला नसतो. आणि भंगारातला लिथियम पॅक मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगला लावू देणार नाही, त्याने आग लागते. रंग कमी पडला तरी चालेल, सीट जुन्या ऑफिस खुर्चीची चालेल.

बी-४०१: बॅटरी हिशोब : २४ व्होल्ट गुणिले २६, म्हणजे सव्वासहाशे वॉट-अवर. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे वापरायला तीनशे. सपाटीवर दीड तास आरामात. बॅटरीच्या प्लसला लगेच ३० अँपिअरचा फ्यूज मी बसवतो. ब्रेक दाबला की मोटर बंद होईल असा लिव्हर स्विचही टाकतो. बेसमेंटच्या रॅम्पवर मात्र नको. चढताना मोटरवर दुपटीहून जास्त भार येईल आणि कंट्रोलर जळेल. उतरताना तर सगळा भरवसा ब्रेकवर.

ए-१०४ ताई: रॅम्पला साखळी लावा. आणि माझी एक अट : मागून चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात गाडी बंद करायचा उपाय पाहिजे.

सी-३०२ काका: अगदी योग्य. मुख्य स्विचला ओढायची पिन बसवू, तिला दोरी. दोरी मागच्याच्या हातात. ओढली की करंट बंद. ताई, ही गोष्ट माझ्या कागदावर नव्हती, आता पहिल्या पानावर लिहिली.

सचिव (बी-२०२): ठीक. कमिटीशी बोललो. परवानगी या अटींवर : गेटच्या आत, रॅम्प बंद, दहा वर्षांखालचं मूल चालवणार नाही, हेल्मेट, दोरी धरायला एक पालक. चार्जिंग गार्डच्या खोलीबाहेर उघड्यावर, शेडखाली, कारण लेड-ॲसिडमधून चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन निघतो असं काकांनी सांगितलं. विजेचे पैसे वर्गणीतून. पोळ्याच्या दिवसांत पाऊस असतोच, मोटर आणि कंट्रोलर झाकलेले हवेत. चाचणी मी स्वतः पाहीन.

बी-१०१ भाऊ: सचिव साहेब, आभार जी. काका, रविवारी लोहा ओळीत मी गाडी घेऊन येतो. माझे दोनचे तीन हजार करा.

डी-२०३ ताई (वकील): माझे एक. हबची पावती विसरू नका.

सी-३०२ काका: लोहा ओळ सोमवारी, रविवारी दुकानं बंद सापडली तर फेरी वाया जाईल. रविवारी सकाळी आठला पार्किंगमध्ये पुठ्ठा. पोरांनी कटर आणू नये, कापायचं काम मोठ्यांचं. पट्टी, पेन्सिल आणि खडू आणावा. काटकोन पाहायचा गुण्या मी आणतो.

ए-५०३: खोके तीन आहेत, एक डबल डोअर फ्रिजचा. शनिवारी रात्री लिफ्टजवळ ठेवतो.