बोटीचा जुना ट्रेलर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या चौदा फुटी फायबरच्या बोटीसोबत अलिबागहून आलेला लोखंडी ट्रेलर दोन पावसाळे नाशिकच्या अंगणात उघड्यावर उभा आहे. चासीवर गंजाचे पापुद्रे सुटले आहेत आणि डावे चाक फिरवले की खरखरते. वडिलांनी तो हौसेने घेतला होता, त्यामुळे भंगारात द्यायला मन धजत नाही. मात्र गंगापूर धरणाकडे जाताना तो वाटेत मोडला, तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतेल, ही धास्तीही वाटते. काय करावे?

उत्तर:
निर्णय चासी पाहूनच घ्यावा. बाकी सारे भाग बदलता येतात. बोट उतरवून चौकोनी पाइपवर, विशेषतः खालच्या अंगाला, सांध्यांजवळ आणि स्प्रिंगचे पाटे जिथे चासीला जोडलेले असतात तिथे, हातोडीने ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर धातू शाबूत आहे. तो बद्द आला किंवा पेचकस आत रुतला, तर पाइप आतून पोखरला आहे. समुद्रावर वापरलेल्या ट्रेलरमध्ये खारे पाणी पाइपच्या पोटात साचून राहते, म्हणून वरच्या रंगावर विसंबू नका. एखादा आडवा पाइप कापून नवा लावता येतो. मुख्य लांब पाइप किंवा पुढचा दांडा गेला असेल, तर मात्र वरून पट्टी मारून घेऊ नका, नवाच घ्या.

खरखर बेअरिंगची असावी. रस्त्यावर तापलेला हब (चाकाच्या मध्याचा, बेअरिंग बसवलेला भाग) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. दोन्ही चाकांची बेअरिंग व सील एकदमच बदला, पाण्यात टिकणारे ग्रीस भरा आणि धरणावर पोहोचल्यावर हब हाताला गार लागेपर्यंत ट्रेलर पाण्यात उतरवू नका. टायरची नक्षी शिल्लक असली तरी त्याचे रबर वयाने जुने झालेले असू शकते, म्हणून त्याच्या कडेवरील निर्मितीचे चार आकडे वाचा: १४१७ म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा.

दुसरे उत्तर:
वरील सल्ला योग्य आहे. माझी भर एवढीच की, शक्य असल्यास रंगाऐवजी चासीला जस्ताचा गरम थर द्यावा, परंतु वेल्डिंगचे सारे काम त्याआधी उरकावे, कारण जस्तावर वेल्डिंग केल्यास निघणारा धूर आरोग्याला घातक असतो. चासी सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. पाइप दोन्ही टोकांना बंद असेल तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. म्हणून नाशिकच्याच सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारागिराकडून आधी भोके पाडून घ्या. पुढे साचलेले पाणीही त्यांतूनच निघून जाईल.

प्रश्नकर्ता:
आज सकाळी तासभर ठोकून पाहिले. मुख्य पाइप दोन्ही बाजूंनी खणखणीत वाजतात. मागच्या आडव्या पाइपमध्ये मात्र पेचकस सहज घुसला. डाव्या हबमधले ग्रीस दुधासारखे पांढरे झाले होते, म्हणजे पाणी शिरलेच होते. टायर २०१२ सालचे निघाले, ते बाद केले. आडवा पाइप बदलून आणि भोके पाडूनच चासी जस्तासाठी देणार आहे. आपणा दोघांचे मनापासून आभार.