समलिंगी मुलांसाठी वेगळं क्लिनिक: गरज की नसते लाड?

तिठ्यावरचा (धागाकर्ता)

आपल्यासाठी काम करणाऱ्या संस्था म्हणाल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, पुण्यात समपथिक २००२ पासून. त्यापलीकडच्या गे पोरानं लैंगिक आरोग्याच्या तपासणीला जायचं कुठे? उत्तर ठरलेलं: 'सिव्हिलला जा, आयसीटीसी (एचआयव्ही तपासणी आणि सल्ल्याचं सरकारी केंद्र) आहे, फुकट आहे.' मान्य. टेस्ट फुकट, आणि पॉझिटिव्ह निघालात तर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्याही २००४ पासून फुकट.

पण त्या रांगेत एकदा उभे राहून बघा. गरोदर बायकांची ही टेस्ट करतातच, त्यामुळे रांग बहुतेक त्यांचीच. त्यांच्यात एकवीस-बावीसचा पोरगा केसपेपरची गुंडाळी करत उभा. आत काउन्सेलर फॉर्म भरतायत. 'लग्न झालंय?' नाही. 'मग बाहेर कुठे गेला होतास का?' म्हणजे बाईकडे. पोरगा 'हो' म्हणून मोकळा होतो. तिथेच सगळं फसतं, कारण पुढचा सल्ला बाईकडे जाणाऱ्या पुरुषासाठीचा. घशातला आणि गुदमार्गातला गनोरिया बऱ्याचदा काही लक्षणच दाखवत नाही. तिथला स्वॅब घ्यायचा तर पोरानं काय केलंय हे आधी कळायला नको? लघवीचा रिपोर्ट स्वच्छ येतो आणि गडी निर्धास्त घरी.

हिपॅटायटिस बीची लस कोणी सुचवत नाही. पेपच्या गोळ्या, म्हणजे धोका घडून गेल्यावर एचआयव्ही टाळायला घ्यायच्या, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात. शनिवारी रात्री कंडोम फाटला तर सोमवारी ओपीडी उघडेपर्यंत निम्मे तास गेलेले. सप्टेंबर २०१८ मध्ये ३७७ चा निकाल लागला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पोलिसांची भीती कमी झाली. ओपीडीत खोटं बोलायची सवय न्यायालय कशी घालवणार?

माझं मत सरळ आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी संध्याकाळी उघडं असणारं वेगळं क्लिनिक हवं. तपासणी, लस आणि मनातलं बोलायला माणूस, तिन्ही तिथेच. आणि स्टाफमध्ये निदान एक जण आपल्यातला.

त्वचावाले_डॉक

माझी सगळी नोकरी त्वचा-गुप्तरोग विभागात गेली, म्हणून विरोधात लिहितो. तुम्ही वर्णन केलेला पोरगा मी पाहिलाय. पण त्याच्याहून जास्त पाहिलेत ते चाळिशीतले, दोन मुलांचे बाप, जे स्वतःला गे म्हणतच नाहीत. तुमच्या वेगळ्या क्लिनिकची पायरी ते मेले तरी चढणार नाहीत. सिव्हिलमध्ये मात्र येतात, 'खाज येते' म्हणून. त्यांच्या बायकोलाही तपासायचं असतं, ती कुठे जाणार?

दुसरं, पाटी. सरकारने आमच्या ओपीडीला 'सुरक्षा क्लिनिक' असं गोंडस नाव दिलं. लोक अजूनही विचारतात, 'म्हणजे ते गुप्तरोगवालं ना?' वेगळी जागा काढलीत की आठवड्यात समोरच्या पानटपरीला ठाऊक.

तिसरं, पैसा. संस्थेचा प्रकल्प निधीवर चालतो. निधी आटला की दाराला कुलूप. सिव्हिलला कुलूप लागत नाही.

करदाता_नंबर_वन

आमच्या इथे डायलिसिसला नंबर लागत नाही आणि ह्यांना एसी क्लिनिक हवं. नको ते उद्योग स्वतः करायचे, निस्तरायचं सरकारने. नसते लाड!

त्वचावाले_डॉक

@करदाता, वेगळ्या क्लिनिकला माझा विरोध आहे, म्हणून मला तुमच्या बाजूला धरू नका. सुरुवातीचा सिफिलिस पेनिसिलिनच्या एका डोसात बरा होतो. तसाच सोडला तर काही जणांच्या मेंदूपर्यंत, हृदयापर्यंत जातो. मग तो खर्चही तुम्हीच भरता. आणि 'उद्योग' म्हणाल तर आमच्या ओपीडीत सगळ्या आळ्यांतले उद्योग येतात.

लंडनात_सदाशिव

इथे सोहोमध्ये '५६ डीन स्ट्रीट' म्हणून एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, क्लिनिक आहे. गे पुरुषांसाठी नावाजलेलं, पण दार कोणालाच बंद नाही. लंडनच्या गे पुरुषांत एचआयव्हीचं नवं निदान २०१५ नंतर झपाट्यानं खाली आलं, त्यात वारंवार तपासणी, निदान होताच उपचार आणि प्रेप, तिन्हींचा हात आहे. प्रेप म्हणजे संसर्ग होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी. इंग्लंडमध्ये ती २०२० पासून सरसकट फुकट मिळू लागली. त्याआधी इथली पोरं इंटरनेटवरून मागवायची, आणि मागवायची कुठून? भारतातल्या कंपन्यांकडून! आपल्याकडे बनणारी गोळी आपल्याच पोराला सिव्हिलमध्ये कोणी सांगत नसेल, तर काय बोलणार.

त्वचावाले_डॉक

प्रेप सिफिलिस-गनोरिया अडवत नाही, हेही सांगत जा. आधी एचआयव्ही नसल्याची खात्री, किडनीची तपासणी, मग दर तीन महिन्यांनी टेस्ट. नाहीतर मित्राच्या डबीतली गोळी खाऊन कंडोम फेकून देणारेही पाहिलेत.

तिठ्यावरचा

डॉक, मित्राच्या डबीतली खातात, कारण विचारायला डॉक्टर नाही. माझाच मुद्दा मांडलात.

मांजराकाठचा

तुमी दोघं भांडायलाव, पण आमच्याकडचं ऐका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या काउन्सेलर मॅडम माझ्या आत्याच्या जावेच्या लेक. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं त्यांना कुणाला सांगता येत नाही, मला माहितंय. पण मी 'त्या खोलीबाहेर' बसलेला एका माणसानं बघितला तरी बास झालं. म्हणून एमपीएससीच्या क्लासचं सांगून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातो आन् तिथं तपासतो.

अजून एक. तुमी सगळे रोगावर बोलायलाव. मला रोग नाही. मला घरी मुली दाखवायलेत. एका डॉक्टरकडं नेलं तर म्हणाला, लग्न करा, आपोआप सुटेल. असले 'बदलायचे' उपचार म्हणजे गैरवर्तन, हे मेडिकल कमिशननं २०२२ लाच सांगितलंय, पण त्याच्यासमोर बोलायची माझी काय हिंमत. १०९७ ला, एड्सच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला होता, नीट बोलल्या बाई, सेंटर सांगितलं. सेंटर तेच, आत्यावालं.

बाकावरची_बाई

मी आयसीटीसीत काउन्सेलर आहे. कंत्राटी. तिठ्यावरचे, 'बाहेर कुठे गेला होतास' हा प्रश्न वाईटच. मी आता सगळ्यांना एकाच सुरात विचारते: जोडीदार पुरुष, बाई, की दोन्ही? आजोबांनाही. एक आजोबा काठी आपटून उठून गेले. पण परवा एक मिशीवाले ड्रायव्हरदादा फॉर्मकडे बघत 'पहिलं' म्हणाले, आणि मग तासभर बोलले. बाहेर रांग ओरडत होती, ते वेगळं.

वेगळी इमारत नको, डॉकांशी सहमत. वेगळी वेळ द्या. संध्याकाळी पाच ते आठ, सिव्हिलच्याच आत. त्या वेळी गरोदर बायकांची रांग नसते आणि सिव्हिलमध्ये शिरणारा माणूस कशासाठी शिरला हे कोणाला कळत नाही.

आणि अठराच्या आतल्यांचं काय, ते कोणीच लिहिलं नाही. सतरा वर्षांचा मुलगा आला तर टेस्टला पालकांची सही लागते, वर पॉक्सोची, म्हणजे अठराच्या आतल्यांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याची, टांगती तलवार. तो सही आणायला म्हणून जातो तो परत येत नाही. इमारत कुठलीही बांधा, हे तसंच राहणार.

तिठ्यावरचा

सतराव्या वर्षाचं उत्तर माझ्याकडे नाही. वेळेचं म्हणाल तर आत दारावर तोच मामा बसणार, 'एड्सवाले इकडे' असं ओरडणारा. त्याला कोण शिकवणार? स्टाफमध्ये आपल्यातला माणूस हवा ही अट मी सोडत नाही.

त्वचावाले_डॉक

मामाला मी शिकवला होता. दोन वर्षं लागली, मग त्याची बदली झाली. पण आपल्यातला माणूस घ्या, हरकत नाही. पगार सरकारनं द्यायचा, संस्थेनं नव्हे, एवढंच.

मांजराकाठचा

ती संध्याकाळची वेळ रविवारी ठेवता येती का? आमचा बाजार रविवारचा असतो, घरातनं निघायला कारण लागत नाही.

बाकावरची_बाई

रविवारी लॅब टेक्निशियन कोण देणार? आमच्याकडे एकच आहे, आणि तोही कंत्राटी.